समोरच्याचे शर्ट मी का उसवले

नाही, ट्रंकेतले शर्ट चोरीचे नाहीत. एकूण एक शर्ट शिलाई देऊन शिवून घेतलाय आणि घरी आणून उसवलाय. धंदा करायचा तर दुसरा काय करतो ते बघावं लागतं. काचेतून बघून काय कळतं? शिवण उसवल्यावर शिंपी कळतो. कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं. आता कामाचं.

मी, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. डॉक्टरनं तसा कागद दिलाय. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. आमच्या घरात ते खातं माझ्याकडेच आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं, ते रागात लिहिलं होतं.

एक. राहत्या दोन खोल्या मुलाला. बँकेतलं मुलगा आणि सून यांना अर्धं अर्धं.

दोन. मोठी कात्री सुनेला. त्या कात्रीनं कोणी कागद कापला तर मी परत येईन.

तीन. शर्टांची ट्रंक. समोरच्या शिंप्यानं दुकान टाकलं आणि माझी गिऱ्हाइकं तिकडं वळली. का, ते कळेना. मग दर वर्षी आमच्या ह्यांना कापड देऊन त्याच्याकडं पाठवायचं, शर्ट आला की टाका टाका उसवायचा, वहीत लिहायचं. बायको शिंपीण असून ह्यांना बायकोच्या हातचा शर्ट कधी मिळाला नाही. समोरच्याचा गुण तिथं सापडला. शिवणीच्या आत तो दोन बोटं कापड जास्त सोडायचा. मी हसले, म्हटलं वाया घालवतो. पुढं गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की तोच शर्ट सैल करून द्यायचा, आणि गिऱ्हाईक जाताना नव्या शर्टाचं माप देऊन जायचं. दुसऱ्या दिवसापासून मीही दोन बोटं सोडायला लागले.

आठव्या शर्टाची कॉलर उसवली तर आत चिठ्ठी. ‘वहिनी, हळू उसवा, कापड नाजूक आहे.’

कापड हातात आलं की कोपऱ्यावर खडूनं आमच्या दुकानाची फुली टाकायची, ही माझी सवय. ह्यांना कापड देतानाही टाकत होते. आठ वर्षं! तशीच रस्ता ओलांडून गेले.

“कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या शर्टापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही उसवणार म्हणून जरा नीट शिवत होतो. माझा हात सुधारला, वहिनी. आणि आमची ही तुमच्याकडं ब्लाउज शिवायला टाकते, ती काय हौस म्हणून?”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मला वाटायचं, बिचारीला नवऱ्याचं काम पसंत नाही. वर दोन बटणं फुकट लावून देत होते! चोरावर मोर.

ट्रंक त्याला हवी आहे. वकील म्हणाला, साक्षीदाराला काही ठेवू नये. म्हणून त्याला साक्षीदार केलंय. ट्रंक आणि वही सुनेला.

चार. दुकान. मुलाचं म्हणणं, आता कोण शिवून घेतं, मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊ. सून म्हणते, मी चालवते. एवढ्यात कोपऱ्यावर तयार कपड्यांचं तीन मजली दुकान झालं. दोघांना म्हटलं, जा, बघून या.

मुलगा तासाभरात परत. “आई, लिफ्ट आहे, एसी आहे, तीनावर एक फुकट. आपलं काही खरं नाही.”

सून दुपारी गेली ती संध्याकाळी आली. कपडे बदलायच्या खोलीत तिनं अकरा शर्ट उलटे करून बघितले होते.

“आई, बटणं दोन धुण्यांत निघतील. बाह्या सगळ्यांना सारख्याच, एक आजोबा बाहीत पंजा बुडवून उभे होते. आपण पाटी लावू, ‘तिकडं घ्या, इकडं मापाचं करून घ्या.’”

“आणि?”

“आतला खिसा मात्र झकास आहे.” पर्समधून तिनं कागद काढला. खिसा जसाच्या तसा गिरवून आणला होता!

म्हणून दुकान, चारही मशीनसकट, सुनेला, एकटीला. मुलानं तोंड वाकडं करू नये. लिफ्ट आवडली असेल तर तिच्यात जाऊन बसावं. पाटी लावून तीन आठवडे झाले, बाह्यांचा एवढा ढीग पडलाय की लिहायला टेबल मोकळं नाही. हा कागद मी मांडीवर लिहितेय आणि खूश आहे.

ठिकाण: दुकानातच.
दिनांक: ८ नोव्हेंबर.
सही: माझी. वाचता येत नसेल तर चष्मा लावा.
साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. सही करण्याआधी कागद उलटा करून मागची बाजू बघितली.
साक्षीदार दुसरा: डॉक्टर.

समोरचा विचारतोय, “वहिनी, तो खिसा कसा आहे हो?” सांगणार नाही. त्याला नाही, कोणालाच नाही. संपलं.