इंजिनिअरची पोथी

माय,

मागच्या महिन्यात बीडला पुस्तकांच्या प्रदर्शनात आपलं ते पुस्तक पुन्हा दिसलं. वरचं चित्र बदललंय. घोडा आहे, पण त्यावरचा राजा आता दाढीवाला केलाय. उभ्या उभ्या चाळलं आणि घेऊन आलो. तुझी सून म्हणाली, "या वयात राक्षसांची पुस्तकं?" मी म्हणालो, ही आमच्या घरची पोथी आहे. तिला वाटलं मी गंमत करतोय.

मी आठवीत होतो तो श्रावण. आपली पोथी मावशी तिच्या गावी घेऊन गेली होती आणि ती काही परत आली नव्हती. पण बायकांना सवयच, दिवेलागण झाली की ओसरीवर येऊन बसायचं. त्या दिवशीही शेजारची काकू दोघीतिघींना घेऊन आली. माझ्या हातात शाळेच्या कपाटातलं हे जाडजूड पुस्तक होतं. तू पदराला हात पुसत बाहेर आलीस आणि विचारलंस, "काय हाय त्याच्यात?" मी सांगितलं, शहरातला एक इंजिनिअर आहे, पुलाची कामं बघणारा. एका सकाळी धुक्यात त्याची वाट चुकते आणि तो भलत्याच मुलखात निघतो. तिथं वीज नाही, मोटार नाही, नुसते किल्ले आणि तलवारी, आणि डोंगरात आग ओकणारा राक्षस. तू सगळं ऐकून घेतलंस. "राजा हाय, राक्षस हाय, वनवास हाय. मंग पोथी न्हाई तर काय? वाच." आणि पुस्तकाला कुंकवाचं बोट लावलंस. आण्णा बाजेवरून ओरडले, "आगं, शाळंचं पुस्तक हाय ते. कावून टिळा लावलास?" तू म्हणालीस, "देवाचं काय अन् शाळंचं काय, इद्याच हाय." आण्णांनी कूस बदलली.

पोथीला दोघं लागतात, एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा. मी परिच्छेद वाचून थांबायचो आणि तू तो बायकांना तुझ्या बोलीत सांगायचीस. तुला अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं सुटत नव्हतं. इंजिनिअरचा तू पाटबंधाऱ्याचा सायेब केलास. त्याचं मनगटी घड्याळ बघून तिथली माणसं घाबरतात, ते सांगताना तू स्वतःचं मनगट असं काही धरायचीस की सगळ्यांची नजर तिथंच. काकूचं लक्ष मात्र दुसरीकडं. ऐन लढाईत विचारायची, "आगं, पर त्याला तितं भाकर कोण करून घालतंय?" तुझा प्रश्न एकच होता, आणि तो तू रोज उठताना मला हळूच विचारायचीस. "त्याच्या मायला कळलं का रं, त्यो कुटं हाय ते?" पुस्तकात त्याची आई पहिल्या पानावर एकदाच येते. मी नाही म्हणायचो.

आपला दादा त्याच उन्हाळ्यात एका ट्रकवाल्याबरोबर सुरतेला गेला होता. चौसाळ्याच्या दुकानात फोन होता, दुकानदार ओळखीचा होता, पण निरोप म्हणून आला नव्हता. तू घरात त्याचं नाव काढत नव्हतीस. एकदा फक्त काकूला म्हणालीस, "ही पोथी पुरी झाली का माजं लेकरू यील." ते मी ऐकलं, आणि तेव्हापासून मला वाचताना भीती वाटायला लागली, कारण शेवटचा अध्याय मी आधीच चोरून वाचला होता.

समाप्तीला तू पुरण घातलंस. पुस्तकाला हार होता. मी वाचलं. डोंगरातली वाट उघडते आणि इंजिनिअर आपल्या घरी परत येतो. आई ताट वाढते. तो जेवतो, पण करमत नाही. रोज संध्याकाळी खिडकीशी उभा राहून त्या किल्ल्यावरचा नगारा ऐकू येतो का, ते बघत राहतो. इथं पुस्तक संपतं. मी थांबलो. तू बायकांकडं वळलीस आणि म्हणालीस, "आला बायांनो. मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोटभर जेवला अन् झोपला. आता कुटंच जायचा न्हाई." मी म्हणालो, "माय, असं नाही लिहिलं." तू माझ्याकडं बघितलंसही नाही. "तू वाचायचं काम कर. अर्थ सांगायचं काम माजं." काकूने विचारलं, "मंग लगीन केलं का न्हाई त्यानं?" "करंल की. आत्ताच तर आलाय." सगळ्या हसल्या, तूही हसलीस. दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं, कुंकू बघितलं आणि तसंच कपाटात ठेवून दिलं.

दिवाळीत दादा आला. पायात बूट, बोलण्यात मधूनच हिंदी. तू दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकलास आणि माझ्याकडं असं बघितलंस की बघ, काय सांगितलं होतं. चार दिवस स्वयंपाकघरात नुसता तळणाचा वास. पण दादा उंबऱ्यावर बसतो, तोंड रस्त्याकडं करून. "कावून रं, आत बस की." "बसलोय की माय." सुरतेच्या गिरणीतल्या मित्रांच्या गोष्टी निघाल्या की तो खुलतो, शेताचं निघालं की गप्प होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू कण्या रांधत होतीस, तेव्हा तो पिशवी घेऊन उभा. तू रडलीस, भांडलीस, पिशवी लपवलीस. तो गेलाच.

तो गेल्यावर तू मला म्हणालीस, "ते पुस्तक आण शाळंतून." मी आणलं. भर दुपार होती, तू सुपात ज्वारी पाखडत होतीस. ओसरीवर दुसरं कुणी नाही. "शेवटचं वाच. लिवलंय तसं." मी वाचलं. खिडकीपाशी आलो तेव्हा तुझं सूप थांबलं. अर्थ सांगायला तू तोंड उघडलं नाहीस. सुपातल्या ज्वारीकडं बघत म्हणालीस, "लई दूर हाय का रं सुरत?" मी म्हणालो, एक रात्र लागते. "मंग ठीक हाय," म्हणालीस आणि पुन्हा पाखडायला लागलीस.

त्यानंतर दादा यायचा तेव्हा तू पाण्याचा तांब्या हातात देतानाच विचारायचीस, "कधी निघायचं रं? म्हंजी दशम्या करून ठिवते." पहिल्यांदा तो बावरला. मग पिशवी खुंटीला अडकवून आत येऊन बसला, चुलीपाशी, तुझ्या शेजारी. पुढं तो वर्षातून तीन-तीनदा यायला लागला. तुला हे किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा कळलं नाही. तू दशम्या करताना गुणगुणायचीस, म्हणून मला वाटायचं तुला काही वाटत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. माझी पोरगी शिकायला परदेशात गेली, तू तिला फक्त रांगतानाच बघितलंस. तिथं बर्फ पडतो, दुपारीच अंधार होतो. शिक्षण संपलं आणि तिथंच नोकरी मिळतेय. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, राहू का इथंच? तुम्ही म्हणाल तसं." मी म्हणालो, "तुला करमतंय ना? मग राहा बाळा." आवाज कापला नाही. ती इतकी मोकळी हसली की मला तुझी आठवण आली.

दुसऱ्या दिवशी कपिलधारला जाऊन आलो. धबधब्याला पाणी चांगलं होतं, गर्दी नव्हती. पोरीचं भलं कर, एवढंच मागायचं असं ठरवून तिथल्या स्वामींच्या समाधीपुढं हात जोडले. तिच्या आईला हे सांगितलेलं नाही. तुला लिहितोय, कारण हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. पण हात जोडल्यावर मी मागितलं, की तिला तिथं करमू नये.