हिरव्या लुगड्याची खूण

१२ नोव्हेंबर १९८३, मानवत
कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून आज रुजू झालो. खोलीवर ट्रंका उतरेपर्यंत आमच्या तीन वर्षांच्या शकूने शेजारच्या कडूबाईंशी गट्टीसुद्धा जमवली. यमुनाने खोली पाहून आधी नाक मुरडलं, मग पदर खोचून कामाला लागली. नोकरी झकास आहे! दिवसभर कापूस चिमटीत धरून धागा ओढून पाहायचा आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या.

२ डिसेंबर
दवाखान्यातून लिहितोय. माल उतरवताना बैलगाडी उलाळली आणि वर गेलेलं जू खाली आलं ते माझ्या डोक्यात. शुद्धीवर आलो तर उशाशी कोणी बाई रडत होती. कोण तुम्ही, असं विचारलं. ती बोलली तेव्हा कळलं, यमुना.

५ डिसेंबर
डॉक्टरांनी किल्ली, कंगवा, बोंड दाखवलं. सगळं ओळखलं. मग चार बायका मुकाट उभ्या करून म्हणाले, यातली बायको दाखवा. मी बोट केलं ती साध्या लुगड्यातली नर्स निघाली. प्रत्येकीचं नाक, डोळे, सगळं दिसतं, पण माणूस जुळून येत नाही. यमुना तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. डॉक्टर म्हणतात, नजर शाबूत आहे, मेंदूतली माणसांची ओळख गेली. आवाजावर, कपड्यांवर भिस्त ठेवा.

१८ डिसेंबर
शकू गप्प बसली की कुणाची पोर, कळत नाही. कडूबाई म्हणाल्या, "सायेब, लेकराला एकट्यानं कुटं नेऊ नका. मला लय भ्या वाटायलंय." संताप आला. बाप आहे मी तिचा! यमुना माझ्यासाठी दिवसभर बोलत राहते.

३ जानेवारी
बोलून बोलून तिचा घसा बसला. उद्या परभणीला मोठ्या डॉक्टरांकडे. हिरवं लुगडं नेसणार आहे, तीच खूण.

४ जानेवारी
स्टँडवर ही गर्दी. यमुना जागा धरायला पुढे घुसली. खिडकीत हिरवं लुगडं, हात पुढे आले — झोपलेली शकू आत दिली, सगळे देतात तशी. मला दारात शिरता येईना. बस सुटली —
मागून खांद्यावर हात. बसका आवाज. "मला चढताच आलं नाही. शकू कुठंय?"

संध्याकाळ, पोलीस ठाणे
कंडक्टर म्हणतो, ती बाई लेकरू घेऊन वाटेतच एका फाट्यावर उतरली. त्याला वाटलं, तिचंच. यमुना भिंतीवर डोकं आपटतेय —
फौजदार विचारतायत, बाई दिसायला कशी होती. मी पाहिलं ना तिच्याकडे. अगदी समोरून. माझ्याकडे बघून हसली ती. थांबा, सांगतो — तिचा चेहरा —