सुमनची आई फोटो घेऊन आली

जळगाव जामोद, रविवार संध्याकाळ, १९६३

अजून हसू येतंय, आणि धडधडही जात नाही. सुमन शाळेत शिकवते, मी दवाखान्यात नर्स. एकत्र राहतो, लोक नुसत्या मैत्रिणी समजतात. आज रोहिणखेडहून तिची आई आली, पिशवीत एका मुलाचा फोटो घेऊन.

सुमन भाकरी थापत होती. "मले लग्न नाई करायचं, आई."

"काऊन? हा नाई पसंत, तं कोन पसंत हाये तुले?"

सुमननं पिठाचं बोट सरळ माझ्याकडे केलं. माझ्याकडे! आधी मला विचारायचं तरी!

मावशींनी फोटो खाली ठेवला. वाटलं, आता लेकीला ओढत घरी नेणार. पण त्यांनी मलाच न्याहाळलं.

"तुले सैपाक येते का?"

"नाई, मावशी."

"मंग माह्या पोरीलेच रोज रांधा लागते?"

तक्रार एवढीच? पिठाचं ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही.

मग फोटो पिशवीत गेला आणि मावशींनी मला चुलीपुढे बसवलं. माझ्या तिन्ही भाकरी फाटल्या.

एस्टी सुटताना त्या खिडकीतून ओरडल्या, "पुढच्या खेपेले तुह्या हातची भाकर खाईन, सूनबाई!"

सगळ्या गाडीनं ऐकलं. कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही.