एकतिसावं मिनिट, पंचावन्न इंच

१ जून, रविवार
काल नवा टीव्ही आला. पंचावन्न इंच. बायको जाऊन आठ महिने झाले. मी पूर्ण सावरलो आहे. न सावरलेला माणूस एवढा मोठा टीव्ही घेत नाही.

आज तलावाच्या सहलीची डीव्हीडी लावून पाहिली. बावीस वर्षांपूर्वीची, चव्वेचाळीस मिनिटं. शूटिंग बायकोचं. त्यामुळे तीत सगळे आहेत, ती सोडून. फक्त एकतिसाव्या मिनिटाला ती नऊ सेकंद दिसते. जुन्या छोट्या टीव्हीवर बरी दिसायची. यावर चेहऱ्याच्या जागी मळलेल्या पिठाचा गोळा.

मुलगी बावीस तारखेला येणार. चोवीसला ती दोन वर्षांसाठी नोकरीला परदेशी चालली आहे. जाण्याआधी तिला आईला एकदा नीट बघायचंय. फोटो आहेत, पण बहुतेकांत आईचे डोळे मिटलेले. हलतीचालती आई एवढीच.

निश्चय: बावीसच्या आत चेहरा स्पष्ट. फॅक्टरीत छत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला काढली. खराब माल माझ्या टेबलावरून पुढे गेलेला नाही.

२ जून
पहिला दोष सापडला. टीव्ही चित्र आडवं ताणत होता. ४:३ केलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, पण माणसं मापात आली. मी तेव्हा एवढा जाड नव्हतो, हेही सिद्ध झालं.
चेहरा: गोळाच. अरुंद गोळा.

५ जून
शार्पनेस शंभरवर नेला. झाडांना पांढऱ्या कडा फुटल्या. इंटरनेटवरचे जाणकार म्हणतात, शून्यावर ठेवा. शून्यावर ठेवला. ‘व्हिविड’ काढून ‘सिनेमा’ केलं. आता सगळ्या सहलीला कावीळ. चार दिवसांत सवय होते म्हणे. सवय करून घेण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

आवाज बंद ठेवतो. चित्राच्या तपासणीत आवाजाचं काय काम?

९ जून, दुपारी ४
दुकानदाराने सांगितलं, जुनी पिवळी वायर फेका. सगळं चित्र त्या एकाच वायरीतून येतं. त्याऐवजी लाल-हिरवी-निळी दिली. सोबत आवाजाच्या दोन वेगळ्या होत्या, त्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. प्लेअरमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह’ नावाचं सेटिंग चालू केलं. तलाव जांभळा. दोन तासांनी कळलं, हिरवी निळ्याच्या भोकात होती. हा उत्पादनदोष समजावा.
आता तलाव निळा. चेहरा जैसे थे.

मुलीचा फोन. एवढं काय चाललंय म्हणाली, जसं दिसेल तसं लावा. मी म्हटलं, ‘जसं दिसेल तसं’ हे काही स्टँडर्ड नाही. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१२ जून
नवा प्लेअर. एचडीएमआय. चित्र मोठं करून देतो. दुकानदार म्हणाला, डिस्कमध्ये चित्राच्या ओळी जेमतेम पावणेसहाशे. तुमच्या टीव्हीला दोन हजारांच्या वर लागतात. उरलेल्या मशीन अंदाजाने भरतं. मला हे आवडलं. भरू दे.

या वायरीतून आवाज आपसूकच येतो. म्यूट दाबलं.

निकाल: तिच्या मागच्या कुंपणाच्या जाळीचं भोक अन् भोक मोजता येतं. चेहरा नाही. म्हणजे मशीनचा अंदाज जाळीच्या बाबतीत पक्का, माणसांच्या बाबतीत कच्चा. दुकानदाराला फोन करून झापलं. तो म्हणाला, साहेब, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेवढं शूटिंग केलं कुणी? म्हटलं, आठवत नाही. बहुधा एखाद्या वाटसरूने.

१७ जून
दोष डिस्कमध्ये आहे. आधीच सुचायला हवं होतं. इंटरनेटवर एकाने टूथपेस्टने घासा म्हटलंय. घासली.

१७ जून, सायंकाळी ६
डिस्क तिसाव्या मिनिटाला अडकते. पुढे जात नाही. खुर्चीवर बसून राहिलो. विशेष काही नाही, गुडघा दुखत होता.

१८ जून
साध्या पाण्याने धुतली. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली. सात वेळा. आठव्यांदा एकतीस सुरू झालं. नऊ सेकंद गोळा बघितला. एवढा सुबक गोळा आजवर बघितला नव्हता.
दुसरी प्रत करून ठेवायचा निश्चय. उद्या.

२१ जून
प्रत झाली नाही. आधी क्वालिटी, मग प्रत. खराब मालाच्या प्रती काढून काय करायचं? अजून अकरा मुद्दे बाकी. यादी केली.

२२ जून, रविवार
मुलगी आली. यादी दाखवली आणि उद्या ये म्हटलं. उद्या सामान बांधायचंय म्हणाली. डिस्क लावली.

पाच मिनिटांनी तिने विचारलं, आवाज का नाही? म्हटलं, आवाजाचं चेकिंग झालेलं नाही. तिने रिमोट घेतला आणि म्यूट काढलं.

ती बोलत होती. कॅमेऱ्यामागून, सलग. पाण्याजवळ जाऊ नकोस. अहो, शर्ट खोचा. ते बदक बघ कसं तुझ्या बाबांसारखं चालतंय. मग स्वतःच हसते, की चित्र हलतं. एकतीस मिनिटं ती हेच करते. मी हे विसरलो होतो. विसरलो नव्हतो. म्हणूनच म्यूट.

मग ते मिनिट आलं. पिठाचा गोळा म्हणाला, “अहो, मागची जाळी नको, मी हवी. दिसतेय का नीट?”
वाटसरू म्हणाला, “एकदम क्लिअर.”
आवाज माझा.
“तुमचं क्लिअर मला ठाऊक आहे. द्या इकडे.”
नऊ सेकंद संपले.

मुलगी हसली, मग रडली, मग तेवढंच पुन्हा लावलं. चार वेळा. चित्राबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी शर्ट खोचलेला आहे का, ते बघितलं.

२४ जून
मुलगी गेली. डिस्क तिला दिली. बाबा, प्रत आहे ना तुमच्याकडे, असं विचारलं. आहे म्हटलं. छत्तीस वर्षांत प्रथमच खराब माल माझ्या टेबलावरून पुढे गेला.

सायंकाळी ७. टीव्ही लावला. बातम्या. बाईच्या पापण्या मोजता येत होत्या. एकदम क्लिअर.
बंद केला.