मोबाइलवरचा येडा
रिसोड, मंगळवार, संध्याकाळ

मी मास्तर. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून महिनाभर मोबाइलवर एका अनोळखी माणसाशी राजकारणावरून भांडतोय. नावं दोघांचीही खोटी. आज बायको आणि मुलीला घेऊन मालेगावला तिच्या सोयरिकीसाठी गेलो. जेवताना मुलाचे वडील हसत म्हणाले, "मोबाइलवर एक येडा भेटला हाये मले. आयका, काय लिहिते तो!" आणि माझीच वाक्यं वाचून दाखवली. बायकोनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मुलीला मुलगा आवडलाय, तिचा चेहराच सांगत होता.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "सांगून टाका. लग्नानंतर कळलं तं पोरीलेच आयकावं लागन." खरंय. पण सांगितलं आणि सोयरीक मोडली तर?

एवढ्यात मुलाच्या वडिलांचाच मेसेज आला. "का हो, आज दिवसभर गप्प? तब्येत बरी हाये ना?"

शेवटी लिहिलं, "बरा हाये. आज पोरीसाठी तुमच्याच घरी जेवून आलो."

पाठवलं. त्यांनी वाचलंय.