तोफेला हात कोण लावतंय?

३ फेब्रुवारी

माझ्या लेन्सला कोणीतरी हात लावलाय. शंभर टक्के!

मी झूम नेहमी दीडशेवर आणून लॉक करते, मगच बॅगेची चेन. आज कॉलेजातून आले, बॅग उघडली — तर नळी सगळी बाहेर, सहाशेवर. लॉक उघडा. लेन्स काय आपोआप लांब होते?

कुणालला विचारलं. "मी कशाला हात लावू तुझ्या तोफेला? तूच विसरली असशील." मी विसरेन? लग्नात सोन्याचा हार नको म्हणून बाबांशी — माझ्या वडिलांशी — भांडून ही लेन्स घेतली मी. या नवऱ्याला एक वेळ कुठे विसरून येईन.

५ फेब्रुवारी

स्पितीला, हिमबिबट्याचे फोटो काढायला, निघायचे दिवस जवळ येतायत आणि ठरत नाहीये. तोफ न्यायची की सत्तर-तीनशेची हलकी लेन्स?

नबीलाचं डोकं खाल्लं आज स्टाफरूममध्ये. ती गेल्या वर्षी जाऊन आलीय, यंदा आम्ही दोघी बरोबर. म्हणाली, "मी हलकंच नेलं होतं. मोठ्या लेन्सवाले दोघे खालीच धापा टाकत बसले. मी वर पोचले."

"मग बिबट्या मिळाला?"

"मिळाला ना. तांदळातल्या खड्याएवढा!"

म्हणजे झालं. हलकं नेलं तर पोचेन आणि काही मिळणार नाही. जड नेलं तर मिळेल, पण पोचेन का? कॅमेरा, तोफ, ट्रायपॉड — पाच किलोच्या वर जातं सगळं. आणि तिथे श्वास घ्यायचीच मारामार. पण हिमबिबट्या दरीच्या पलीकडच्या कड्यावर बसतो, जवळ येऊन पोज देत नाही. आयुष्यात एकदा जायचं, तर खडा घेऊन यायचा?

७ फेब्रुवारी

काहीतरी शिजतंय घरात.

रात्री जेवताना सासरे एकदम म्हणाले, "ऋतिका, ती तोफ घरान ठेव गो. डोंगरान कवरा चालाचा हाय तुला! खांदा जाईल."

केसरीनाथबाबांना माझ्या खांद्याची काळजी! हेच बाबा महिनाभर फुगून बसले होते, 'सुनेला एकटीला बर्फान कशाला पाठवतंस' म्हणून. लगेच कुणाल, "बाबा बरोबर बोलतायत. लाइट जा ना. आजकाल सगळे लाइटच जातात."

बाप-लेकाचं एकमत! या घरात दापोड्याचा गाळा कोणाला भाड्यानं द्यायचा यावर दोन वर्षं एकमत झालेलं नाही. सासूबाई तेवढ्या गप्प, भाकरी वाढत होत्या. त्याही कटात असतील.

मला वाटतं विकायची आहे. नाहीतर कुणालनं मित्राला कबूल केलीय. मी नाही ठेवत जा!

८ फेब्रुवारी

कॅमेऱ्यातून बघितलं तर सगळं धूसर. पाडली वाटतं कोणी! अर्धा तास काचा पुसल्या. मग लक्षात आलं, डोळ्याच्या नंबरचं ते बारीक चाक असतं ना, कॅमेऱ्याला, ते फिरलंय. जागेवर आणलं. लेन्स ठीक आहे. मी ठीक नाही.

१० फेब्रुवारी

आज सापळा लावला. शेजारच्या लूमवाल्याकडून सुताचा बारीक धागा आणला, चेनच्या दोन्ही कड्यांत ओवून गाठ मारली. बॅटरी फुल करून ठेवली. कार्ड कोरं.

११ फेब्रुवारी

धागा तुटला!!

१२ फेब्रुवारी

कार्डावर एकही फोटो नाही. बॅटरी मात्र निम्मी. म्हणजे कोणीतरी कॅमेरा चालू करून नुसतं बघत बसतंय. कशाकडे?

नबीलाला सांगायला नको होतं. ती म्हणाली, "फोटो काढत नाही म्हणजे पुरावा ठेवायचा नाही." हसत म्हणाली, पण माझ्या डोक्यात किडा सोडून गेली. आमच्या गच्चीवरून खाडीपलीकडच्या इमारती समोर दिसतात. खिडक्या, बाल्कन्या. कुणालचं ऑफिस घरातच. मी दिवसभर बाहेर.

शी! असलं काही असेल तर मी या घरात राहणार नाही. रात्रीचे दोन वाजले, त्याचं घोरणं ऐकत पडलेय. बिबट्या वगैरे गेला उडत.

१३ फेब्रुवारी

पण ते चाक! कुणालला चष्मा नाही. त्याला ते फिरवायची गरजच नाही. हे माझ्या आधी लक्षात कसं नाही आलं? चष्मा बाबांना आहे. सासूबाईंनाही आहे. उद्या दुपारचे तास नबीला घेणार. मी घरी येणार. न सांगता.

१४ फेब्रुवारी

सापडले.

चपला खालीच काढून गच्चीवर गेले. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर, चष्मा कपाळावर चढवलेला. ट्रायपॉड बुटका करून समोर. एक डोळा मिटलेला, एक माझ्या कॅमेऱ्याला.

"बाबा!"

एवढे दचकले की ट्रायपॉड पडता पडता वाचला. "बगले आलेत गो खाडीन. बगले बघतंय."

बगळे! ट्रायपॉड खाडीकडे नव्हताच. सरळ पलीकडच्या गुलाबी इमारतीवर रोखलेला. मला शिसारी आली. या वयात, कोणाच्या खिडकीत… म्हटलं, सरका, मला बघू दे. ते खुर्चीचे हात धरून बसून राहिले. मग उठले.

धूसर दिसलं, त्यांच्या नंबरचं. चाक फिरवलं. हिरवा कठडा. वाळत घातलेले लंगोट. एक बाई, कडेवर बाळ. तिनं मान वळवली.

हर्षला.

कुणालची धाकटी बहीण. चार वर्षांपूर्वी तिनं फरहानशी लग्न केलं, त्याच संध्याकाळी बाबांनी वज्रेश्वरीला जाऊन देवळाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली — तिचं तोंड माझ्या डोळ्यांनी बघणार नाही. तिथपासून या घरात तिचं नाव काढायचं नाही. फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवले. बाळ झाल्याचं कळलं तेव्हा बाबा ताटावरून उठून गेले होते. मला वाटायचं, या माणसाला काळीज म्हणून नाहीच.

मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "शपथ न्हाय मोडली मी."

"बाबा, रोज तर बघता तुम्ही तिला!"

"मी कुटं बघतंय? कॅमेरा तिला बघतंय. मी कॅमेऱ्यान बघतंय. शपथ डोल्यांची हाय."

मला हसूही येईना, रडूही येईना. आणि गंमत म्हणजे त्यांचं खरंच आहे! माझा कॅमेरा मिररलेस. डोळ्याला लावला तरी आपण काचेतून थेट बघत नाहीच, आत एवढासा पडदा असतो. तो बघतो आपण. हे त्यांना मीच दिवाळीत सांगितलं होतं, फ्लेमिंगो दाखवताना. बाबांनी देवीसाठी तेवढंच नेमकं लक्षात ठेवलं.

"पोर उभा राहाला लागला," म्हणाले. "कठडा धरून. दोनदा पडला काल." मग हात जोडले. मला! "तुझ्या सासूला सांगू नको. ती बोलंल, देवीला फसवतंय."

खाली येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. कुणालवर काय काय संशय घेतला मी! त्याला रात्री उगाचच दोन अंडी जास्त तळून दिली. तो संशयानं बघत होता.

१६ फेब्रुवारी

दोन दिवस चिडचिड. हो, चिडचिड! दया आली, ते खरं. पण माझी लेन्स आहे. माझा बिबट्या आहे. वर्षभर पहाटे उठून जिने चढले मी या वजनासाठी. शपथ त्यांनी घेतली, खडा मी घेऊन यायचा? पूल ओलांडला की रिक्षानं पंधरा मिनिटांवर मुलगी. जा ना सरळ!

पण मग आठवतं, दोनदा पडला काल. कोणाला सांगणार होता तो माणूस हे? इतके दिवस पोटात घेऊन फिरत होता.

ठरलं. हलकी नेते.

नबीलाला कारण नाही सांगितलं. "मग तुझाही खडाच," म्हणाली. बाबांना गच्चीवर नेलं, माझ्या जुन्या कॅमेऱ्याला तोफ लावून दिली. त्याला मागच्या बाजूला बाहेरचा पडदा आहे, तो चालू करून दिला, म्हणजे देवीचीही तक्रार नको. चार्जिंग शिकवलं. जेवायला बसलो तेव्हा जिताडा माशाची मोठी तुकडी त्यांनी आपल्या ताटात घेतली नाही, माझ्या ताटाकडे सरकवली.

बरं वाटलं. स्वतःचाच थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

१८ फेब्रुवारी

उद्या निघायचं. बॅग भरत होते. सासूबाई आल्या, दार लोटून घेतलं. हलकी बॅग उचलून बघितली.

"तोफ कुटं हाय?"

म्हटलं, घरी ठेवतेय, जड होते.

"कुनासाठी ठेवतंस ता मना ठावं हाय. माझी पोर रोज दुपारची पोराला घेऊन बाल्कनीन उभी राहते, ती उगाच? मीच फोन करतंय तिला, बाप बसलाय म्हनून. मना वाटला, बघंल, बघंल, न् एक दिवस उठून जाईल. दिवाली गेली, संक्रांत गेली. पूल काय वलांडत न्हाय." माझा हात धरला. "तोफ घरान हाय तवर तो जायाचा न्हाय. तू ने ती तुझ्याबरोबर."

मी तोफेची मोठी बॅग काढली. बाबांना अजून सांगितलेलं नाही.