कॅलेंडरसाठी आइसलंड

९ एप्रिल १९७८

शिवलिंगप्पा जिना चढून वर आले. घरमालक वर येतात ते गळती बघायला, आणि पावसाला अजून दोन महिने आहेत.

"सर, पासपोर्ट काढा. आइसलंडला जायचंय."

त्यांच्या चादरीच्या कारखान्याचं दरवर्षी कॅलेंडर निघतं. बारा पानं, बारा देखावे, प्रत्येक देखाव्यापुढे आपली चादर. काश्मीर सगळ्यांचं झालं. स्वित्झर्लंड परवाच्या साली समोरच्या कारखान्याने छापलं. मुंबईच्या एजंटाकडे यांनी एक पोस्टर पाहिलं – धबधबे, बर्फ, ज्वालामुखी, सगळं पाच दिवसांत, गाईडसह.

"तुमी इंग्रजी बोलायचं आणि चादरीचं एक टोक धरायचं. दुसरं टोक मल्लव्वा धरंल."

मी मराठी शिकवतो, हे सांगितलं.

"इंग्रजी येत न्हाय का?"

येतं.

"मग झालं की."

१० एप्रिल

खरं कारण आज कळलं. शिवलिंगप्पा परत वर आले आणि जिन्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "नव्या जागी माणूस बोलायला लागतं म्हणतात."

मल्लव्वा, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांच्याशी नऊ महिने बोललेल्या नाहीत. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. लाल सुताच्या एका लॉटचा रंग उतरतो, अशी हुबळीच्या व्यापाऱ्याची तक्रार आली. यांनी त्याच दिवशी निंगप्पाला काढलं. निंगप्पा म्हणजे रंगखान्याचा मुख्य रंगारी आणि मल्लव्वांचा सख्खा धाकटा भाऊ. रंगखान्यात रीत अशी, की प्रत्येक लॉटची एक लडी पांढऱ्या दोऱ्याने बांधून पाण्यात उकळायची. दोरा पांढरा राहिला तर रंग पक्का. यांनी उकळून बघितलंच नाही. काढलं ते काढलं. त्या संध्याकाळपासून मल्लव्वा गप्प.

"मग आता उकळून बघा की," मी म्हटलं.

"आता? पांढरा राहिला तर मी कुटं तोंड दाखवू?"

२० मे

गच्चीवर सराव. पारा त्रेचाळीस. शिवलिंगप्पांनी आम्हांला स्वेटर घालायला लावले – फोटोत हात आखडून चालायचं नाही म्हणून. मी एका टोकाला, मल्लव्वा दुसऱ्या. मध्ये लाल चादर. त्याच लॉटची!

"फोटोत रंग उतरत न्हाय," ते म्हणाले. "सर, तिला सांगा, हात वर."

मल्लव्वा त्यांच्यापासून चार हातांवर उभ्या. मी सांगितलं. त्यांनी हात वर केले.

"त्यांना सांगा, ऊन लागतंय."

सांगितलं.

३ जून. मुंबई

विमानतळावर अधिकाऱ्याने मल्लव्वांचा डबा उघडला. कडक भाकरी, साठ. त्याने एक उचलून टेबलावर वाजवली. मग दुसरी वाजवली. साहेबाला बोलावलं. साहेब नाशिककडचा असावा. त्यानेही वाजवली.

"खायचं आहे?"

"शेंगाची चटणी लावून," मल्लव्वा म्हणाल्या. "देऊ का?"

दोघांनी खाल्लं. आम्ही शेवटचे चढलो.

५ जून. आइसलंड

हॉटेल स्वच्छ. नळ उघडला की गरम पाणी येतं, सतत. पण त्याला उकडलेल्या अंड्याचा वास आहे. गंधक – जमिनीतूनच तसं येतं, असं माहितीपत्रकात लिहिलंय. मी ते शिवलिंगप्पांना वाचून दाखवलं.

"वास अंड्याचा हाय का न्हाय?"

आहे.

"मग मी या पाण्यानं आंघोळ करणार न्हाय."

आंघोळ नाही तर गळ्यातल्या लिंगाची पूजा नाही. पूजा नाही तर जेवण नाही. जन्मात चुकलं नाही, म्हणाले. भिंतीकडे तोंड करून निजले. बाहेर रात्रीचे दहा आणि ऊन.

६ जून

पहिला धबधबा. गाईड साठीच्या बाई आहेत. उभ्या उभ्या विणतात. बोलतानाही सुया थांबत नाहीत. बसमध्ये आम्ही धरून चौदा माणसं.

पाणी इतकं, की बघताना आपण काही करत नाही आहोत याची लाज वाटते. मल्लव्वा बराच वेळ उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "त्या बाईंना इचारा, पाण्याची वेळ काय?"

मी विचारलं. गाईडबाईंना प्रश्न कळला नाही. मी समजावलं, आमच्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, पहाटे, तासभर.

"सांगा त्यांना," गाईडबाई म्हणाल्या, "हे बंद होत नाही."

मल्लव्वांनी मान हलवली. पण विश्वास बसला नाही. बस निघताना मागे वळून पाहिलं त्यांनी – बंद झालं का ते.

चादर भिजली. ओली चादर धरणं म्हणजे वासरू धरण्यासारखं. शिवलिंगप्पा उपाशीपोटी ओरडत होते, "वर! अजून वर!"

दिवसभर काही खाल्लं नाही त्यांनी.

७ जून

बसमध्ये मी दोघांच्या मधे. हीच माझी जागा ठरली आहे.

"सर, तिला इचारा, जेवली का."

"त्यांना सांगा, जेवले. त्यांनीपण जेवावं म्हणावं."

"सांगा, पूजेशिवाय न्हाय."

"सांगा, मरायचं आसंल तर सोलापुरात मरा. हितं पुरायला माती न्हाय, सगळा दगड हाय."

मी प्रत्येक वाक्य दुसऱ्या बाजूला वळून पुन्हा म्हणतो. गाईडबाईंनी विचारलं, "मॅडम कोणती भाषा बोलतात?"

"मराठी. आणि कन्नड."

"आणि मिस्टर?"

"त्याच."

सुया थांबल्या. पहिल्यांदाच.

दुपारी बस एका ओढ्यापाशी थांबली. वरच्या हिमनदीतून निघालेलं पाणी, राखेमुळे करडं. शिवलिंगप्पांनी वास घेतला. वास नव्हता. कोणी काही म्हणायच्या आत कपडे काढून पंच्यावर पाण्यात! एक आवाज आला, माणसाचा वाटला नाही. मग बाहेर येऊन, ओठ निळे, खडकावर बसले. डाव्या तळहातावर लिंग घेतलं, डोळे मिटले. दात वाजत होते, मंत्र तुटत होता. अकरा प्रवासी ओळीने उभे राहिले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या.

मल्लव्वा चादर घेऊन गेल्या – तीच, लाल, कोरडी बाजू वर करून – आणि त्यांच्या खांद्यावर टाकली.

बसमध्ये सात भाकऱ्या खाल्ल्या शिवलिंगप्पांनी.

"सर, बघितलं? चादर घातली तिनं."

मी म्हटलं, पाहिलं.

"पण बोलली न्हाय."

८ जून

हिमनदी. साखळीच्या चाकांच्या गाडीने वर नेलं. वारा असा, की बोललेलं दुसरीकडेच जातं. दमट चादर दहा मिनिटांत कडक झाली. पापड! शिवलिंगप्पांनी ती बर्फावर उभी केली. राहिली उभी! कोणी न धरता.

"सर, बाजूला व्हा. तूपण – म्हणजे तिलापण सांगा."

आम्ही बाजूला झालो. तीन आठवड्यांनी प्रथमच हात रिकामे. मल्लव्वा आणि मी शेजारी शेजारी उभे राहून एका चादरीचे फोटो निघताना पाहत होतो. ती एकटी बरी दिसत होती.

गाईडबाई जवळ आल्या. चादरीवर बोट फिरवलं, कोपरा उलटवला, पाठीमागची वीण पाहिली. मल्लव्वांनी बोटांनी दाखवलं – ताणा असा, बाणा असा. गाईडबाईंनी सुयांवरचं विणकाम पुढे केलं. मल्लव्वांनी टाके मोजले, मान डोलवली. पंधरा मिनिटं चाललं. मी भाषांतराला तयार होतो. कोणी विचारलं नाही.

शेवटी गाईडबाईंनी लाल रंगावर बोट टेकवून भुवया उंचावल्या. हा कुणी दिला, असा प्रश्न असावा. मल्लव्वांनी चादर त्यांच्या हातातून काढून घेतली. थंडी फार होती.

९ जून

ज्वालामुखीचा प्रदेश. काळा दगड, मैलोन्मैल. शिवलिंगप्पा निराश.

"आपल्याकडं हाच दगड हाय की. हे बघायला समुद्र वलांडला?"

गाईडबाई म्हणाल्या, पलीकडची टेकडी पाच वर्षांपूर्वी नव्हती. जमीन फुटली, वर आली, थंड झाली. ही अगदी नवी जमीन आहे.

ते एकदम ताठ झाले. "इचारा, सातबारा कुणाच्या नावावर?"

मी शक्य तितकं विचारलं. त्या म्हणाल्या, कुणाच्याच नाही.

"असं कसं? नवी जमीन, आणि कुणाचीच न्हाय? कुणी भांडत न्हाय?"

नाही.

बसमध्ये ते मग म्हणाले, "सर, तिला सांगा, निंगप्पाचं माझं भांडण–" आणि थांबले. मल्लव्वा खिडकीतून काळा दगड बघत होत्या, पण मान ताठ होती. "राहू दे," ते म्हणाले. "सांगा, खिडकी लाव."

१० जून

शेवटचा दिवस. उकळत्या पाण्याचे झरे. जमिनीतून वाफ, कडेला पिवळा साका. दोऱ्या बांधल्या आहेत. आत हात घालू नये, अशा पाट्या चार भाषांत.

शिवलिंगप्पा कॅमेऱ्यात नवा रोल घालत होते. मी माझं टोक धरून उभा होतो. एकाएकी टोक हातातून ओढलं गेलं.

मल्लव्वा दोरी ओलांडून गेल्या होत्या. गुडघ्यावर बसून त्यांनी चादरीची एक बाजू उकळत्या पाण्यात सोडली – सवयीने, कोपरा दोन बोटांत धरून, जशी लडी सोडतात तशी. गाईडबाई ओरडत धावल्या. पण दोरीच्या अलीकडे थांबल्या. मल्लव्वा आकडे मोजत होत्या. कन्नडमध्ये. साठपर्यंत.

चादर वर काढली. तिच्या लाल जमिनीवरची पांढरी फुलं गुलाबी झाली होती. पाण्यात लाल रेघ पसरत गेली.

म्हणजे रंग कच्चा होता. हुबळीचा व्यापारी खरा, शिवलिंगप्पा खरे. अकरा महिने ते हेच म्हणत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. आता हा माणूस काय काय बोलेल! मला सगळं भाषांतर करावं लागेल.

ते दोरीपाशी आले. गुलाबी फुलांकडे पाहिलं. बायकोच्या पाठीकडे पाहिलं.

"सर, तिला सांगा," ते म्हणाले, "ह्या पाण्यात गंधक हाय. ह्यात कुटलाबी रंग उतरंल. निंगप्पाची चूक न्हाय."

मी तोंड उघडलं.

"खोटं," मल्लव्वा म्हणाल्या. माझ्याकडे नाही. त्यांच्याकडे बघून. "रंग कच्चाच हुता. खोटं बोलू नका."

शिवलिंगप्पांनी चष्मा काढला. वाफेने धुकटला होता.

"पाय जपून टाक," मग म्हणाले. सरळ तिला.

त्या आल्या. फोटो निघाला नाही.

११ जून

विमानात माझी जागा खिडकीची. ते दोघं शेजारी. बोलणं थांबत नाही! सगळं अकरा महिन्यांचं – कुणाचं लग्न, कुठला माग बंद, गॅसवाला काय म्हणाला. मला एक शब्द विचारला नाही. बरं वाटलं, आणि थोडं रिकामंही.

१७ जून. सोलापूर

कॉलेज सुरू. एका विद्यार्थ्याने विचारलं, तिकडे काय पाहिलंत? मी म्हटलं, चादर.

२ जुलै

फोटो धुऊन आले. शिवलिंगप्पांनी गच्चीवर ओळीने मांडले. प्रत्येक फोटो चादरीने भरलाय. वरच्या कडेला बोटभर पांढरं – धबधबा की बर्फ, सांगता येत नाही. तीन फोटोंत माझे अंगठे.

"चादर काय झकास आलीय की!"

"हे हितंच गच्चीवर निघालं असतं," मल्लव्वा म्हणाल्या.

"तुला काय कळतंय फोटोतलं."

"मला सगळं कळतंय. निंगप्पाला कधी बोलावताय?"

"बोलावलाय. पुढच्या सोमवारी येतोय."

१० जुलै

निंगप्पा कामावर आला. संध्याकाळी हात धुऊन वर आला, नमस्कार करायला. मी म्हटलं, नशीबवान आहेस. तुझ्या चुकीसाठी बहीण अकरा महिने नवऱ्यावर रागावून बसली.

तो जिन्याकडे बघून घेऊन हळू म्हणाला, "सर, त्या आठवड्यात मी अक्कलकोटला हुतो, सोयरिकीला. ते लाल सूत अक्कानं रंगवलं. मालकास्नी ठाऊक न्हाय."

मग रागावली होती ती कशावर?

"रागावली कुटं? तोंड उघडलं असतं तर तेच पयलं भाइर पडलं असतं."